काचेच्या अलीकडे

नऊ वर्षं मी काचेपलीकडे बसले,
रुवीतल्या एक्स्चेंजमध्ये, काउंटर नंबर चार.
काचेला खाली अर्धगोल खिडकी,
त्यातून दिसायची तेवढीच मी:
दोन हात, एक शिक्का.

मार्चमध्ये मशीन आलं.
निळं, माझ्याहून वीतभर उंच.
मॅनेजर म्हणाले, झुलेखा, तू आता बाहेर उभी राहा,
लोकांना शिकव.
जाकीट दिलं, त्यावर लिहिलेलं: मला विचारा.
पाठीवर लिहिलेलं.
म्हणजे मी निघाले की लोकांना कळणार
की विचारायला हवं होतं.

आठ दिवस कुणी मला विचारलं नाही,
मशीनलाही नाही.
पगाराच्या संध्याकाळी रांग दारातून फुटपाथवर,
शवरम्याच्या गाडीपर्यंत,
आणि मशीनसमोर स्वच्छ पुसलेली मोकळी फरशी,
जशी मयताच्या घरात एखादी खुर्ची रिकामी ठेवतात.

मग हेड ऑफिसचा एक मुलगा आला, टॅब घेऊन.
कोपऱ्यात बसून माणसं मोजायचा.
कोण कुठे थबकतं,
कोण स्क्रीनला लावण्याआधी बोट शर्टाला पुसतं.
तिसऱ्या दिवशी म्हणाला, मॅडम, गंमत बघा,
पैसे गेले, पावती मिळाली,
तरी माणूस चाळीस सेकंद खिडकीपासून हलत नाही.
कशाचे हे चाळीस सेकंद?
त्याच्या तक्त्यात त्यांना रकाना नव्हता.

मी काय सांगणार.
मोफज्जल, बौशरच्या नर्सरीत रोपांना पाणी घालतो,
त्याला वाचता येत नाही, लांबी ओळखता येते.
म्हणाला, बायकोचं नाव आज आखूड आलंय.
आखूडच होतं. शेवटची दोन अक्षरं गळालेली,
तिकडे सिल्हेटला खिडकीवर पैसे अडले असते.
मशीनने हिरवी खूण करून अभिनंदन केलं होतं.

शीजा सिस्टरच्या फोनमध्ये अॅप आहे.
रोज उघडते, रेट बघते, बंद करते,
आणि नाइट ड्यूटी संपवून इथे येते, डोळे चोळत.
बोटाने पाठवले की खर्च झाल्यासारखे वाटतात, म्हणते,
हाताने दिले की दिल्यासारखे.

आणि खेडचा इलियास परकार, वेल्डर.
सात वर्षं दर महिन्याला तोच प्रश्न: गेले ना?
मी म्हणायचे, गेले.
त्या दिवशी मीच त्याला मशीनकडे नेलं,
त्याने मुकाट्याने सगळी बटणं दाबली, एकही चूक नाही.
गेले ना?
गेले.
बापूस पण, तो म्हणाला. सकाळी.
स्क्रीन विचारत होती, आणखी काही व्यवहार?
त्याचं बोट होय आणि नाही यांच्या मधोमध.
मग स्क्रीन आपोआप काळी झाली.

त्या रात्री मी मॅनेजरांना म्हटलं,
मशीन ओढून माझ्या जुन्या खिडकीशेजारी आणा,
आणि माझा शिक्का मला द्या.
ते म्हणाले, मशीनच्या पावतीला शिक्का लागत नाही.
म्हटलं, पावतीला नाही लागत.

आता लोक बटणं दाबतात,
पावती माझ्याकडे धरतात,
मी जाकिटाच्या खिशातून शिक्का काढते, फुंकर घालते, मारते.
त्याला कायद्यात काही अर्थ नाही.
रांग शवरम्याच्या गाडीपर्यंत जात नाही.
हेड ऑफिसच्या अहवालात याला मोठं नाव आहे,
माझं नाही.

काल रात्री वादी कबीरच्या खोलीत, पंख्याखाली पडून,
मीही फोनवरून चिपळूणला पाठवले.
बारा सेकंदांत झालं. हिरवी खूण.
तरी कितीतरी वेळ फोन छातीवर होता.

सकाळी पावती छापून काचेतून आत सरकवली.
आत आता शम्सा बसते, नवी मुलगी, सूरची.
काही न विचारता तिने शिक्का मारला.
खलास, म्हणाली.
हा शब्द आमच्याकडेही आहे,
आमच्याकडे तो माणसांना लावतात.

मागे कुणीतरी खाकरलं.
मी अजून तिथेच होते.